सात नंबरचं पाणी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हॅरिएट क्वेलने ब्रिटाला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. तलाव केंद्रात दार लावून बोलायची पद्धत नव्हती. हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून लावत, तेवढंच. त्यामुळे ब्रिटा खुर्चीत बसली तीच जरा सावरून.

हॅरिएट केंद्राची प्रमुख. साठीला टेकलेली, मोजकं बोलणारी. तिने एक कागद टेबलावरून पुढे सरकवला. त्यावर लेडल तलावाभोवतीच्या नळ्यांचे आकडे होते.

लेडल तलाव नावाप्रमाणे पळीच्या आकाराचा आहे. त्याला एकही ओढा मिळत नाही आणि त्यातून एकही निघत नाही. जे काही येणंजाणं आहे ते जमिनीखालून, वाळूतून. म्हणून एकतीस वर्षांपूर्वी प्रोफेसर अ‍ॅडेलिन हॉक यांनी त्याच्या काठाने मनगटाएवढ्या जाडीच्या अकरा नळ्या जमिनीत ठोकून घेतल्या होत्या. वर्षातून तीनदा, मे, जुलै आणि ऑक्टोबरात, प्रत्येक नळीतून पाणी उपसायचं, बाटलीत भरायचं आणि त्यात काय विरघळलंय ते मोजायचं. पावसाचं पाणी टेकडीत मुरून आलेलं असेल तर वाटेत खडकातला चुना सोबत घेऊन येतं. तलावातून झिरपलेलं असेल तर ते मऊ असतं. तेवढ्यावरून कळतं, की त्या जागी जमीन तलावाला पाजते आहे की तलाव जमिनीला. एका वर्षाच्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. एकतीस वर्षांच्या आकड्यांना असतो, आणि तसे आकडे जगात फार थोड्या तलावांचे आहेत.

ते सगळे एकाच माणसाने गोळा केले होते. रेनो सारेला, वय त्र्याहत्तर.

ब्रिटाने कागद वाचला. सात नंबरच्या नळीत कॅल्शियम लिटरमागे दोन मिलिग्रॅम. अठ्ठावीस वर्षं दोन, कधी दोनला जरा कमी, कधी जास्त. मग गेल्याच्या आधीच्या वर्षी मे महिन्यात एकदम सहा. जुलैत तेरा. तिथून पुढे तेरा आणि चौदाच्या मध्ये. गेल्या जुलैची एक जागा रिकामी. खालच्या ओळीत आठ नंबर: पहिल्यापासून चौदा.

हॅरिएटने सांगितलं ते थोडक्यात असं. आठ नंबर रस्त्याला लागून आहे, गाडीतून उतरलं की पंधरा पावलांवर. सात नंबरला जायला अर्धा मैल दलदल तुडवावी लागते. रेनोचा गुडघा तीन वर्षं दुखतोय, गेल्या ऑगस्टमध्ये शस्त्रक्रियाही झाली. सातचा आकडा जेव्हा बदलला तेव्हाच त्याने काठी घेतली. यातून काय निष्कर्ष काढायचा हे तिने सांगितलं नाही. ब्रिटाला ते न सांगताही कळलं आणि तिचे कान गरम झाले.

"म्हणजे दोन्ही बाटल्या आठवरच भरतात, असं?"

"मी असं म्हटलेलं नाही," हॅरिएट म्हणाली. "पण नोव्हेंबरच्या बैठकीत कोणीतरी म्हणणार. तेव्हा सातची अडीच वर्षं खोडली जातील आणि रेनोला मानाने निरोप दिला जाईल. केक आणतील. तो केक मला खायचा नाही ब्रिटा. तू या फेरीला त्याच्याबरोबर जा. मदतीला म्हणून."

ब्रिटा नॉर्गार्डला केंद्रात येऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. तिचा प्रबंध लेडल तलावाच्या आकड्यांवर होता. चार वर्षं ती दूरच्या शहरात, खिडकी नसलेल्या खोलीत बसून या माणसाने भरलेलं पाणी वाचत होती. त्याचं तोंडही न पाहता तिने त्याच्यावर जेवढा विश्वास टाकला होता, तेवढा ती ओळखीच्या फार थोड्या माणसांवर टाकत असे. त्या रात्री तिने सातचे आकडे पुन्हा काढून पाहिले. तेरा समजण्यासारखे होते. पण तो एक सहा? आठवर बाटली भरली तर चौदा येतील, सातवर भरली तर दोन. सहा कुठून आले?

सकाळी सात वाजता रेनोची जुनी हिरवी गाडी दाराशी उभी होती. शिकारीचे दिवस होते म्हणून त्याने स्वतः भडक नारिंगी बंडी घातली होती आणि दुसरी तिच्या बैठकीवर ठेवली होती.

"घाला डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "तुम्हाला हरीण समजून कोणी गोळी घातली तर मला फॉर्म भरावा लागेल, आणि मला फॉर्म आवडत नाहीत."

गाडीत कॉफीचा थर्मास होता, कागदात गुंडाळलेला वेलदोड्याचा गोड पाव होता आणि मागे पंप, बॅटरी, नळ्यांची भेंडोळी आणि बावीस बाटल्यांचा खोका. बाटल्यांवर नंबर आधीच टाकलेले होते, पेन्सिलीने. घरून निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो हे करत असे. नळीपाशी थंडीने बोटं वाकतात, मग सातचा एक होतो आणि एकचा सात, असं त्याचं म्हणणं.

पहिल्या सहा नळ्या दुपारच्या जेवणापर्यंत झाल्या. त्याचं काम ब्रिटा पाहत होती, आणि पाहता पाहता आपण कशासाठी आलो आहोत ते तिला अधूनमधून आठवावं लागत होतं. नळीत साठून राहिलेलं पाणी आधी उपसून टाकायचं असतं, जमिनीतलं ताजं पाणी यावं म्हणून. नियम सांगतो, नळीच्या तिप्पट पाणी उपसा. रेनो तिप्पट उपसायचा आणि थांबायचा नाही. पाण्यात किती क्षार आहेत ते दाखवणाऱ्या मीटरवरचा आकडा लागोपाठ तीन वेळा तोच येईपर्यंत तो वाट पाहायचा. चार नंबरला त्याला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो एका ओंडक्यावर बसून मीटरकडे पाहत होता, मासा गळाला लागायची वाट पाहावी तसा. मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, हवेचा बुडबुडा राहिला तर ओतून पुन्हा. दुसरी बाटली जपून ठेवण्यासाठी. हे ती प्रयोगशाळेत शिकली होती आणि स्वतःही करत असे. पण कोणी पाहत नसताना ती चाळीस मिनिटं थांबली असती का, याचं उत्तर तिला नक्की देता येईना.

प्रत्येक नळीपाशी तो कागदाच्या तक्त्यावर लिहायचा. आकडे चौकोनांत आणि बाकीचं समासात. सहा नंबरला तिने डोकावून पाहिलं. समासात लिहिलं होतं: 'आदल्या फेरीपेक्षा पाणी चार बोटं खाली. काठावर लून पक्ष्याचं पीस.'

पिसाचं काय, असं तिने विचारलं.

"होतं ना तिथे," रेनो म्हणाला. "अ‍ॅडेलिनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दिसेल ते लिहायचं. वाटेल ते लिहायचं नाही. वाटण्यासाठी विद्यापीठ पगार देतं, तो तुम्हाला. मला बघण्याचा."

"आणि तुम्हाला कधी काही वाटलंच नाही?"

"एकतीस वर्षांत? एकदोनदा वाटलं असेल. घरी जाऊन वाफेच्या खोलीत बसलो, घामाबरोबर निघून गेलं."

आठ नंबर वाटेत आधी लागत होता. रस्त्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीतून झरे फुटत होते आणि त्यांचं पाणी खाली दलदलीकडे जात होतं. मीटर ठरलेल्या जागी येऊन थांबला. बाटल्या भरून झाल्यावर रेनो खोका बंद करून उभा राहिला आणि समोरच्या दलदलीकडे पाहत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "हॅरिएटने तुला इथवर बघायला सांगितलंय की पुढेही?"

तोवर तो तिला थट्टेने अहोजाहो करत होता. ते एकदम गळून पडलं. ब्रिटाला खोटं बोलता आलं असतं. तिने पुढेही, असं सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "मग पंप तू घे. निदान एवढा तरी फायदा होऊ दे."

दलदलीवर त्याने फार वर्षांपूर्वी फळ्या टाकल्या होत्या, एकीपुढे एक, शेवाळावर तरंगत्या. पाय पडला की फळी खचायची आणि कडेने तांबूस पाणी वर यायचं. टॅमरॅकची झाडं पिवळीजर्द झाली होती आणि त्यांच्या सुया फळ्यांवर पडून त्या निसरड्या झाल्या होत्या. रेनो काठी आधी टेकायचा, मग चांगला पाय, मग दुखरा. दर वीस पावलांनी थांबायचा. ब्रिटा मागून चालत होती. तिला दिसत होतं की त्याची मानेमागची कातडी घामाने ओली झाली आहे, थंडी असूनही. मध्यावर एका फळीला खिळा मारून लाल कापड बांधलं होतं. तिथे तो नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला आणि मग पुढे निघाला. तिने ते कापड पाहिलं.

सात नंबर वाळूच्या एका अरुंद पट्ट्यावर होता. एका बाजूला झाडांमधून लेडल तलाव दिसत होता. दुसऱ्या बाजूला, केंद्रातल्या नकाशाप्रमाणे, आल्डरच्या झुडपांचा ओलसर खोलगट भाग असायला हवा होता. झुडपं नव्हती. तिथे तळं होतं.

मोठं, स्वच्छ, स्थिर तळं. त्यात वाळलेल्या टॅमरॅकची दहाबारा खोडं उभी होती, पांढरी पडलेली. पलीकडच्या टोकाला फांद्यांचा आणि चिखलाचा लांबच लांब बांध होता. त्याच्या मधोमध एक ताजी सोललेली फांदी खोचलेली होती.

"बीव्हर," ब्रिटा म्हणाली. झाडं कुरतडून पाडणारे आणि त्यांच्या फांद्यांनी पाणी अडवणारे ते प्राणी.

"दिसतंय खरं तसं," रेनोने म्हटलं आणि पंपाची नळी जोडायला घेतली.

काठाजवळच्या एका मेलेल्या खोडात खिळे ठोकलेले होते. दोन पाण्याच्या वर होते. एक पाण्याच्या रेषेवर. खाली, पाण्यातून, आणखी चार दिसत होते, एकाखाली एक, गंजत गेलेले. दर फेरीला तळ्याची पातळी असेल तिथे एक खिळा, ही त्याची पट्टी. सगळ्यात वरचे दोन गेल्या दोन वसंतांतल्या पुरांचे, असं त्याने सांगितलं. ब्रिटाने तळ्याकडे पाहिलं आणि मग मागे वळून तलावाकडे. तिने गाडीतून आणलेली पातळी पाहायची छोटी दुर्बीण डोळ्याला लावली. दोनदा लावली. तळं तलावापेक्षा हातभर उंच होतं.

तिच्या मनात सगळं एका क्षणात जागेवर बसलं, आणि तिला थोडी लाजही वाटली, कारण हे कोणालाही दिसलं असतं. फक्त इथे यायला हवं होतं. अठ्ठावीस वर्षं तलाव उंच होता आणि खोलगट भाग खाली, म्हणून तलावाचं मऊ पाणी या पट्ट्यातून तिकडे झिरपत होतं. मग बीव्हरने बांध घातला. टेकडीच्या झऱ्यांचं चुन्याचं पाणी तुंबलं, चढत चढत तलावाच्या वर गेलं आणि वाळूतला प्रवाह उलटा फिरला. आता तळं तलावाकडे झिरपत होतं आणि वाटेत सात नंबरची नळी उभी होती.

मीटरवरचा आकडा चढला, थबकला, तीनदा तोच आला. आठ नंबरच्या आकड्याच्या अगदी जवळ. रेनोने बाटली विसळली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी का बदललं ते."

त्याने बाटली भरली, झाकण लावलं, उलटी करून बुडबुडा पाहिला. "तळं चढतंय हे माहीत होतं. ते दर वेळी लिहिलंय. खिळे मोजून लिहिलंय. पुढचं तुमच्या लोकांनी काढायचं. मला वाटलं, काढलं असेल. अडीच वर्षं कोणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळं नीट आहे." मग बाटली खोक्यात ठेवत, "मग एक दिवस केंद्रात सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागले. हॅरिएटने माझ्या गुडघ्याची चौकशी दोनदा केली. तेव्हा कळलं, की कुठेतरी पाणी मुरतंय."

परतताना फळ्यांवर पंप तिच्याच हातात होता, आणि बाटल्यांचा खोकाही. या वेळी त्याने हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ती केंद्राच्या मागच्या कोठीत गेली. मूळ तक्ते तिथे खोक्यांत होते. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते उतरवून घेण्याचं काम एक जुनी कारकून करायची. ती समासातला मजकूरही जसाच्या तसा टाइप करत असे, पिसांसकट. ती निवृत्त झाली आणि तक्ते बाहेरच्या एका कंत्राटदाराकडे जाऊ लागले. त्यांच्या पडद्यावर फक्त चौकोन होते. समासाला जागा नव्हती, म्हणून समास कोणी उतरवला नाही.

ब्रिटा जमिनीवर बसून वाचत गेली. 'तळं: पहिल्या खिळ्यावर. आल्डरची मुळं पाण्यात.' 'तळं: दुसऱ्या खिळ्याच्या वर तीन बोटं. बांधावर ताजा चिखल.' 'तळं: तिसरा खिळा. टॅमरॅकचे शेंडे वाळले.' त्याची पेन्सिल टोकदार असायची आणि अक्षर शाळेतल्या मुलासारखं सरळ. मग गेल्या जुलैचा तक्ता आला, ज्या जागी संगणकात काहीच नव्हतं. सातच्या चौकोनात रेघ होती. समासात एकच ओळ: 'सात: अर्ध्यापर्यंत. तिथे फळीला कापड बांधलं. पाणी घेतलं नाही.'

ती ओळ तिने बराच वेळ पाहिली. संगणकातली रिकामी जागा तिने आतापर्यंत हयगयीच्या खात्यात टाकली होती. ज्याला आठवर दोन बाटल्या भरायच्या असतील तो ही जागा रिकामी कशाला ठेवेल? गुडघ्याने दगा दिला त्या दिवशी आठ नंबर पंधरा पावलांवर होता आणि त्या रानात दुसरं कोणी नव्हतं. अर्ध्या वाटेवरून तो रिकामी बाटली घेऊन माघारी आला होता, आणि तीन आठवड्यांनी शस्त्रक्रियेला गेला होता.

तक्ते घेऊन ती हॅरिएटकडे गेली. हॅरिएटने सगळे वाचले, चष्मा काढला, डोळे चोळले. तिला स्वतःला पटलं होतं. पण बैठकीत सात माणसं बसणार होती आणि त्यातली पाच कधी लेडलला गेलेली नव्हती. ज्याच्या बाटलीवर विश्वास नाही, त्याच्या समासावर तरी ते कशाला ठेवतील? नळीतल्या पाण्याची पातळी वर आल्याचंही त्याने अडीच वर्षं लिहिलं होतंच, आणि ते आकडे सोयीस्करपणे 'शंकास्पद' ठरले होते. कोणी म्हणेल, बीव्हरचं तळं खरं, पण माणूस तिथवर गेला कशावरून? परवाची बाटली ब्रिटासमोर भरली. आधीच्यांचं काय?

"बाटल्यांनाच विचारते," ब्रिटा म्हणाली.

प्रत्येक फेरीची दुसरी बाटली तळघरातल्या थंड खोलीत ठेवलेली असते, उघडली न जाता. पाणी बदलल्यापासून या फेरीआधीपर्यंतच्या, सात नंबरच्या अशा सात बाटल्या होत्या. पाणी उन्हात उघड्यावर पडून राहिलं की त्याची वाफ होते, आणि वाफ होताना पाण्यातले हलके रेणू आधी निघून जातात. जड रेणू मागे उरतात. म्हणून ज्या पाण्याने उन्हाळा पाहिलाय ते किंचित जड असतं, आणि जमिनीत शिरलं तरी ती खूण जात नाही. टेकडीतून थेट आलेल्या आठ नंबरच्या पाण्यात ती खूण असणार नव्हती. तलावात ती ठळक असणार, कारण तलाव पिढ्यान्‌पिढ्या उन्हात आहे. तळ्यात मध्यम. चुन्याने सात आणि आठ सारखे दिसतील, पण उन्हाने ते वेगळे दिसायला हवे होते. तसे दिसले नाहीत, तर तो निष्कर्षही तिलाच हॅरिएटसमोर ठेवावा लागणार होता.

तिने तळ्याचं, तलावाचं आणि आठचं पाणी जोडीला दिलं आणि सगळं मोठ्या विद्यापीठाच्या यंत्राकडे पाठवलं, नंबर झाकून, फक्त अक्षरं टाकून. निकाल यायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत पहिलं बर्फ पडून गेलं. रेनो एकदाच केंद्रात आला, पंपाची बॅटरी परत द्यायला. जाताना त्याने टेबलावर वेलदोड्याचा पाव ठेवला आणि म्हणाला, की हा लाच म्हणून नाही, बायकोने जास्त केला होता.

निकाल गुरुवारी आला. ब्रिटाने बिंदू कागदावर हाताने मांडले, कारण संगणकावर तिचा हात घाईने चुकला असता. आठ नंबर डाव्या खालच्या कोपऱ्यात एकटा. तलाव वर उजवीकडे. तळं मध्ये. सातच्या सहा बाटल्या तळ्याभोवती, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. आणि सातवी, पहिली, मे महिन्यातली, जिच्यात कॅल्शियम सहा होतं, ती तलाव आणि तळं यांना जोडणाऱ्या रेषेवर, तलावाच्या जरा जवळ बसली. ती भरली त्या दिवशी वाळूत दोन्ही पाणी मिसळत होतं. प्रवाह उलटा फिरत असतानाची नेमकी बाटली. पुढे दोन महिने गेले असते तर ती पुन्हा कधीच भरता आली नसती. जगात अशी बाटली आणखी कुठे असेल, तर तिला ठाऊक नव्हतं. ती भरायला एक माणूस दुखऱ्या गुडघ्याने अर्धा मैल गेला होता, चाळीस मिनिटं ओंडक्यावर बसला होता आणि आपण काय भरतोय हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या बैठकीत ब्रिटाने तो कागद आणि सगळे समास मांडले. एकाने दोन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. मग कोणीतरी म्हणालं, की आता ही नळी अकरांमधली सगळ्यात मोलाची झाली. सातची अडीच वर्षं जशीच्या तशी राहिली, गेल्या जुलैच्या रिकाम्या जागेसह. केक आला नाही. बैठक संपल्यावर हॅरिएट स्वतः गाडी काढून रेनोच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही, पण ती परत आली तेव्हा तिचे केस ओले होते आणि चेहरा लालबुंद. तिने पोटभर वाफ घेतली होती, एवढं नक्की.

बर्फ त्या वर्षी उशिरा वितळलं. मे महिन्याच्या फेरीला ब्रिटा पुन्हा त्याच्याबरोबर होती. पंप आता तिचाच झाला होता. तक्ते नवे होते: समास रुंद, आणि शेवटी हॅरिएटने टाकलेला एक जास्तीचा रकाना, 'तुम्हाला काय वाटतं'. रेनोने तो सकाळीच पाहिला होता आणि अ‍ॅडेलिनबाई थडग्यात कूस बदलतील असं म्हणून तक्ता घडी घालून खिशात टाकला होता. एक ते सहा त्याने तो रकाना कोरा ठेवला. आठलाही कोरा.

सातवर मीटर स्थिरावला. बाटल्या भरून झाल्या. तळं सगळ्यात वरच्या खिळ्याच्याही वर दोन बोटं गेलं होतं आणि बांधावर नवा चिखल होता. रेनोने खिशातून नवा खिळा काढला, काठावरून हात लांबवून ठोकला, मग ओंडक्यावर बसून समास भरला. त्यानंतरही त्याची पेन्सिल कागदावरून उठली नाही. ब्रिटा नळी गुंडाळत राहिली. तिने मान मुद्दामच दुसरीकडे वळवली होती.

"मी शिकलेला नाही," तो अखेरीस म्हणाला. "चुकलं तर हसायचं नाही."

"नाही हसणार."

"आणि खोडायचंही नाही. माझ्या तक्त्यावर कोणी काही खोडत नाही."

त्याने तक्ता तिच्याकडे दिला. शेवटच्या रकान्यात, सरळ, टोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'आता तळं तलावाला पाजतंय. बांध फुटेपर्यंत पाजेल.'

ब्रिटाने हिवाळाभर बसून या विषयावर चौदा पानं लिहिली होती. त्यांत बांध फुटल्यावर काय होईल, हे कुठेच नव्हतं. तिने तक्ता पाण्यापासून जपत पिशवीत ठेवला आणि पंप उचलला. रेनोने काठी पहिल्या फळीवर टेकवली.